पंचवीस वर्षं बघायला नको

५ मार्च

शेंडेफळास,

आशीर्वाद. तेवढे फुकट असतात, म्हणून देते.

फोन सोडून पत्र का, ते तुला माहीत आहे. फोनवर तू "हं, हं, बरोबर" म्हणतोस आणि तिकडे दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असतोस. कागदावरचं नाकारता येत नाही. हॉस्पिटलच्या स्टोअरची खरेदी सांभाळता सांभाळता मी एवढं शिकले. तोंडी कबूल करणारे किती आले आणि किती पळाले.

तर मुद्दा. बाबा पडले. घाबरू नकोस, म्हणजे घाबरायचा विचार असेल तर. बाथरूमच्या दारात पाय घसरला. घोट्याच्या हाडाला चीर गेलीय. आता पट्टा आहे आणि हातात काठी आहे. डॉक्टर म्हणाले, रोज चाललेच पाहिजेत, या वयात पाय एकदा बसले की उठत नाहीत. आता चालायचं कुठे? पुढच्या दाराच्या पायऱ्या त्यांना जमत नाहीत. उरला मागचा डेक आणि तिथून फाटकापर्यंत जाणारी ती फळ्यांची पायवाट. म्हणजे त्यांना जगात जायला तेवढा एकच रस्ता आहे.

आणि त्या रस्त्याची दशा काय आहे! सावलीकडच्या फळ्यांवर शेवाळ, कितीही घासा. दोन फळ्या खालून कुजलेल्या, पाय दिला की "चुईं" करतात. खिळ्यांची डोकी वर आलेली. एक फळी तर अशी सोललीय की अनवाणी माणसाने पाऊल टाकलं की एक कुसळ भेट. बाबा तर घरात आणि डेकवर जन्मभर अनवाणीच.

म्हणून मी ठरवलंय. हे लाकूड काढायचं आणि ज्याला हात लावावा लागत नाही असं काहीतरी टाकायचं. घसरणार नाही, कुजणार नाही, तेल मागणार नाही.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "धाकट्याला विचार." मी म्हटलं, तो इथे राहतो का? म्हणाले, "विचार तरी." म्हणून विचारतेय. उत्तर "हो" असं दे. ते लिहायला दोन अक्षरंही लागत नाहीत.

ताई


१४ मार्च

ताई,

नमस्कार. बाबांचं वाचून वाईट वाटलं. बाथरूममध्ये ती रबरी चटई टाक ना, मी कधीचा सांगतोय.

पण बाथरूममध्ये पडले म्हणून डेक उखडायचा, हे लॉजिक फक्त तुलाच सुचू शकतं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

हे बघ, मी घरांविषयीच्या मासिकात काम करतो. रोज माझ्या टेबलावर तुझ्या त्या "हात लावावा लागत नाही" छाप वस्तूंची ब्रोशरं येऊन पडतात. भुसा आणि प्लास्टिक एकत्र शिजवून त्यावर लाकडाच्या रेघा छापलेल्या फळ्या! ताई, ते लाकूड नाही, ती लाकडाची नक्कल आहे. लाकूड श्वास घेतं. लाकूड म्हातारं होतं, करडं पडतं, त्याला तेल पाजलं की पुन्हा उजळतं. ज्या वस्तूला आपली गरज नसते त्या वस्तूवर आपण प्रेम करू शकत नाही. (हे मी गेल्या महिन्याच्या लेखात लिहिलंय, अंक पाठवला होता. तू उघडला नसशीलच.)

तुझा प्रॉब्लेम हा आहे की तू घरसुद्धा हॉस्पिटलला फिनेल घेतल्यासारखं घेतेस. स्वस्त, धुता येणारं, वास न येणारं.

आणि फेब्रुवारीतला तो रविवार? बाबा आणि मी मिळून डेकला तेल लावतो तो दिवस? वर्षातला तो एक दिवस आम्हा दोघांचा आहे. वाचक त्या फोटोंची वाट बघतात. लोक मला पत्रं लिहून सांगतात की तुमच्या वडिलांना बघून आम्हाला आमचे वडील आठवतात. हे सगळं तू एका प्लास्टिकच्या फळीसाठी पुसून टाकणार?

कुजलेल्या फळ्या बदल, जरूर बदल. चांगला जुना साग मिळतो. ओळखीचा माणूस आहे, नंबर देतो. पण मूळ लाकूड तसंच राहू दे. बाबांनाही तेच हवं असणार, म्हणूनच त्यांनी मला विचारायला सांगितलं. जरा समजून घे.

तुझा,
धाकटा


२२ मार्च

शेंडेफळास,

नाकाने कांदे सोलणं बघायचं असेल तर तुझं पत्र वाचावं. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, शेजारची बाई काय झालं म्हणून बघायला आली.

"बाबा आणि मी मिळून तेल लावतो" म्हणे! आता तुमचा तो पवित्र रविवार मी सांगते, कारण मी तिथे असते, फोटोत नसले तरी. आदल्या आठवड्यात बाबा तारेच्या ब्रशने शेवाळ घासतात. मी धुते. पॉलिशपेपर मारायला मी सुट्टी काढते. तू येतोस तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. बरोबर तो कॅमेरावाला, तो आधी चहा मागतो. मग तू बाह्या दुमडतोस. उजेड चांगला पडतो त्या पुढच्या पाच-सहा फळ्यांना तू तेल लावतोस, बाबा शेजारी उकिडवे बसतात, आणि कॅमेरावाला म्हणतो, "काका, जरा इकडे बघून हसा." बाबा हसतात. मग तुला गाडी गाठायची असते. उरलेला डेक आणि अख्खी पायवाट आमच्या गळ्यात. आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, आयत्या डेकवरचा पहिलाच बघितला.

लाकूड श्वास घेतं, हे खरं असेल. पण बाबाही घेतात, त्याची नोंद तुझ्या मासिकात कुठे झाली?

बरं, तुला वाटतं मी फिनेल घेतल्यासारखं घेते. हो, तशीच घेते. फिनेल घेताना मी कधी फसले नाही. म्हणून ब्रोशर बाजूला ठेवलं आणि चार नमुने मागवले. त्यांना उन्हात टाकलं, चहा सांडला, केसांचं तेल सांडलं, गंजका खिळा घासला आणि मग बादलीने पाणी ओतून काठीचं टोक दाबून बघितलं.

गुळगुळीत ग्रॅनाइट: दिसायला आरसा, ओलं झालं की सरळ आमच्या ऑर्थोपेडिक वॉर्डची वाट. औषध मारलेलं पाइनचं लाकूड: विकणारा म्हणाला "काही बघायला नको", मग हळूच म्हणाला "वर्षाला एक हात तेलाचा". म्हणजे पुन्हा तू. भुशा-प्लास्टिकची गडद चॉकलेटी फळी: दुपारी तिच्यावर तळवा ठेवला आणि झटकन उचलला. अनवाणी माणसासाठी तो तवाच. त्याच कंपनीची फिकट राखाडी, खोल रेघांची: उन्हात सोसते, ओल्यात काठी घसरत नाही, तेल फडक्याने निघालं. पास.

तेव्हा डेकला राखाडी फळी आणि पायवाटेला खडबडीत जाड फरशी, जराशा उतारावर, म्हणजे पाणी साचणार नाही. आणि एक गोष्ट जी ब्रोशरात कुणी छापत नाही. वरची फळी कितीही टिको, खाली लाकडाचा सांगाडा ठेवला तर तो आधी कुजतो आणि वरचा अमर डेक खड्ड्यात. म्हणून खाली जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड. हे तुझ्या ओळखीच्या सागवाल्याला विचार, त्याला घाम फुटेल.

बाबा मात्र हट्टाला पेटलेत. नमुने त्यांच्यासमोर मांडले तर म्हणाले, "लाकूडच बरं." का? "सवय आहे." कुसळाची? डेपोत फोरमन होते तेव्हा ब्रेकचं लायनर थोडं झिजलं तरी बस बाहेर सोडायचे नाहीत, आणि आता कुजक्या फळीची वकिली करतायत. तुझ्या लेखांचा परिणाम, दुसरं काय. तेव्हा तूच लिही, "लाकूड काढा." तुझं ऐकतील. माझं आयुष्य त्यांच्या औषधाच्या गोळ्या मोजण्यात गेलं, तुझं फोटोत, आणि शब्द तुझा चालतो. यालाच म्हणतात नशीब.

ताई


३० मार्च

ताई,

कर काय करायचं ते. पालथ्या घड्यावर पाणी ओतायला मला वेळ नाही.

बाबांना सांग, माझी हरकत नाही. घर तुमचं, तुम्ही राहता, मी कोण? टाका प्लास्टिक. अंगणात प्लास्टिकची झाडंही लावा, त्यांची पानं झाडायला नकोत.

एक बरं झालं. फेब्रुवारीत तो रविवार मोकळा ठेवताना दर वर्षी माझा जीव मेटाकुटीला यायचा. आता तेल लावायचं नाही म्हटल्यावर यायचं काही कारण नाही. त्या आठवड्यात दुसरं काम घेऊन टाकतो.

धाकटा


११ मे

शेंडेफळास,

झालं काम.

तुझं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांचा चष्मा दुरुस्तीला होता, आणि खरं सांगायचं तर मला मजाही येत होती. "बघा तुमचा लाडका किती सोयीने सुटला," असं म्हटलं. त्यांनी पत्र माझ्या हातून घेतलं आणि घडी घातली. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाले, "कर मग." म्हणजे परवानगी शेवटी तुझीच लागली.

ठेकेदार तीन माणसं घेऊन आला. जुन्या फळ्या उचकटल्या तेव्हा खालचा सांगाडा बघायला तू हवा होतास. बोटाने माती पडावी तसा भुगा पडत होता. त्या श्वास घेणाऱ्या लाकडात वाळवीचं गावच्या गाव नांदत होतं. तीही बिचारी श्वास घेत होती. तुझा तो सुंदर, करडा, भावुक डेक एका पावसाळ्याचा सोबती होता फक्त.

आता नवीन. मी रोज बघते आणि रोज मला माझाच अभिमान वाटतो. फळ्यांत नेमकी फट, वर एकही खिळा नाही, सगळं खालून क्लिपांत बसवलेलं. फरशी अशी की काठी टेकली की तिथेच. पहिल्या आठवड्यात बाबा स्वतःच्या पायांनी फाटकापर्यंत गेले. मी मागे उभी होते, हात पुढे करून. हाताची गरजच लागली नाही. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की तुलासुद्धा फोन करणार होते.

मग ठेकेदार शेवटचा हिशेब करायला आला, तेव्हा बाबा बाहेर आले आणि डेपोतल्यासारखी पाहणी केली. वाकता येत नाही, तरी काठीने टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग ठेकेदाराला विचारलं, "याला सर्व्हिसिंग किती दिवसांनी?"

तो म्हणाला, "काका, कसलं सर्व्हिसिंग? झाडू मारा. वाटलं तर कधी पाणी मारा. पंचवीस वर्षं बघायला नको."

"तेल?"

"तेल लावलंत तर खराब होईल."

"म्हणजे कुणाला काहीच करावं लागत नाही?"

"काही नाही! आराम करा."

दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. आपले बाबा आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. जेवलेसुद्धा नाहीत. फाटकापर्यंत जाणं त्यानंतर बंदच झाल्यासारखं आहे. काल म्हणाले, "पाय दुखतो." डॉक्टर म्हणतात पाय ठीक आहे. ठीक पाय कसा दुखतो? लाकडाचा रुसवा आहे हा, मला कळतं. तुम्ही दोघे एका माळेचे मणी. चांगली वस्तू समोर ठेवली की तोंड वाकडं.

असो. तुला कळवायचं एवढंच की पंचवीस वर्षं तुझी गरज नाही.

ताई


१९ जून

ताई!

हे पत्र लिहिताना मला किती आनंद होतोय ते तुला सांगू शकत नाही, पण प्रयत्न करतो.

बाबांचं पत्र आलं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं, तुझ्या नकळत. ते म्हणालेत तुला सांगू नको, पण असा घास तोंडाशी आल्यावर मी सोडणार? जसंच्या तसं उतरवतो, तुझ्या मनःशांतीसाठी:

"चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. नवीन डेक दिसायला ठीक आहे. पण ठेकेदाराने ताईला अर्धीच माहिती दिली. या मालाला सर्व्हिसिंग फार. दर महिन्याला फटींतला गाळ काढावा लागतो, नाही तर खालून हवा खेळत नाही. फळ्या मऊ ब्रशने कोमट पाण्याने धुवाव्या लागतात, ब्रश लांबीच्या दिशेने मारायचा, आडवा मारला की चरे पडतात. क्लिपा एकेक तपासायच्या. हे एका माणसाचं काम नाही. एकाने धुवायचं, दुसऱ्याने बसून बघायचं. मी बसून बघू शकतो. ताईला यातलं काही बोलू नकोस, तिने फार हौसेने घेतलंय, वाईट वाटेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी आलास तर काम वेळेवर होईल. चुकवलं तर पुढे खर्च वाढतो. तब्येत ठीक. बाबा."

दर महिन्याला, ताई! लाकूड बिचारं वर्षातून एकदा मागत होतं. तुझं हे "हात लावावा लागत नाही" वर्षातून बारा वेळा हात मागतंय! हात दाखवून अवलक्षण याहून वेगळं काय असतं? चार नमुने, चहा, खिळा, बादली, केवढी ती परीक्षा! आणि फसवलं कुणी, तर एका ठेकेदाराने. खरेदीतली माझी बहीण!

तर मी येतोय. जुलैच्या पहिल्या रविवारी. मऊ ब्रश घेऊन. आणि पुढेही येत राहीन, जोपर्यंत तू मान्य करत नाहीस की तुझं चुकलं. संपादकांना सांगितलं, ते खूश आहेत, "देखभालमुक्त घराचा भ्रम" अशी मालिका करू म्हणाले. दर महिन्याला एक लेख. बाबांचे हाल बघून मला खरंच वाईट वाटतं, या वयात त्यांना प्लास्टिकची चाकरी करावी लागतेय.

तुझ्या उत्तराची वाट बघतोय. दोन शब्द पुरेत: "मी चुकले."

धाकटा


२५ जून, पाठवलं नाही

शेंडेफळा,

मूर्खा, बाबा खोटं बोलतायत.

एक अक्षर खरं नाही त्यात. फटींत गाळ नाही, क्लिपा जिथल्या तिथे आहेत, मी महिन्याभरात त्या डेकवर झाडूशिवाय काही फिरवलं नाही. ठेकेदाराचा नंबर खाली देतेय, फोन कर आणि विचार. तुझी ती मालिका छापून येऊ दे, मग मी तुझ्या संपादकांना कंपनीची हमीची कागदपत्रं पाठवते. एकदा तरी तुझी सगळ्यांसमोर शोभा होऊ दे.

आणि आता निघालंच आहे तर ऐक. मार्चमध्ये तुला लिहिलं की बाबा बाथरूममध्ये पडले. नाही पडले बाथरूममध्ये. तुझ्या तेलावर पडले. तेल लावल्यावर जरा वेळाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचं असतं, नाही तर ते मुरत नाही, वरच बसतं आणि चिकट होतं, आणि त्यावर सकाळचं दव पडलं की साबण. हे बाबांनीच तुला शिकवलं होतं, तू शाळेत असताना. तुला गाडी होती. तू तुझ्या फोटोतल्या फळ्या पचपचीत भिजवल्यास आणि न पुसता निघालास. मी आतली भांडी आवरत होते, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा दार उघडून बाहेर आले. मी उचलायला गेले तेव्हा पहिलं काय म्हणाले माहीत आहे? "धाकट्याला बाथरूम सांग."

मी विचारलं होतं, का? तेव्हा बोलले नाहीत. आत्ता जाऊन विचारते, आणि खोट्या पत्राचाही जाब विचारते. म्हणजे तुला त्यांचेच शब्द लिहिता येतील. थांब.

विचारून आले.

दुपारचं ऊन उतरलं होतं. बाबा डेकच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर एक लहानशी कुंडी होती. आणि काय करत होते, सांगू? कुंडीतली माती चिमटीने उचलून फळ्यांच्या फटीत टाकत होते. एक चिमूट, मग बोटाने दाबायचं. मग दुसरी फट.

मी म्हटलं, "बाबा, हे काय चाललंय?"

दचकले. कुंडी लपवायला गेले, ती काही लपत नाही. म्हणाले, "गाळ बघतोय."

"बघताय का घालताय?"

"अगं, पहिला रविवार जवळ आला. तो येईल आणि फटी उकरून बघेल. काहीच निघालं नाही तर?"

"तर त्याला कळेल तुम्ही थाप मारली. बरं होईल!"

"तसं नाही गं. तो म्हणेल, मग मी कशाला आलो?"

मी ओरडणार होते. अख्खं भाषण तोंडात तयार होतं. मी म्हटलं, "बाबा, त्याच्या तेलावर पडलात आणि तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत." तर म्हणाले, "त्याला कळलं असतं तर तोंड लपवून बसला असता. पुन्हा आला नसता. तो वाईट नाही, पळपुटा आहे. त्याला कामाला बोलावलं की येतो. नुसतं ये म्हटलं की येत नाही. मी बोलावून बघितलंय."

"कधी?"

"कितीदा. तुझी आई होती तेव्हापासून."

आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू छान केलंस सगळं. चालायला एकदम सोपं. फक्त याला थोडं काहीतरी लागायला हवं होतं."

धाकट्या, मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, हे तुला माहीत आहे. मला वाटत होतं त्यांना लाकूड हवंय. मला वाटत होतं हा तुझ्या मासिकाचा परिणाम आहे. मीच ते पत्र वाचून दाखवलं, "यायचं काही कारण नाही", आणि वर हसलेसुद्धा. त्यांचा पाय का दुखत होता, ते आज कळलं. फाटकापर्यंत जाऊन करायचं काय, तिथून कुणी येणारच नसेल तर.

मी इथे रोज आहे. माझी वाट बघावी लागत नाही, म्हणून माझी कुणी


२६ जून

शेंडेफळास,

आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाबा म्हणतात ते खरं आहे. मी चुकले.

वाचलंस? पुन्हा लिहिते, म्हणजे तुला कात्रण काढून टेबलासमोर लावता येईल. मी चुकले आणि तू बरोबर होतास. ठेकेदाराने मला फसवलं. एवढी वर्षं खरेदी केली आणि शेवटी एका फळीने माझं नाक कापलं. फटींमध्ये माती साचलीय, मी काल स्वतःच्या डोळ्यांनी बघितली. एवढी कशी साचते, कळत नाही.

लेख लिहायचा असेल तर लिही. "माझी अतिशहाणी बहीण" असं लिही, हरकत नाही. फक्त कॅमेरावाल्याला आणू नकोस. पाणी उडतं, कॅमेरा खराब होईल, आणि त्याचा चहा करायला मला वेळ नसेल.

मी चौकशी केली. दर महिन्याला धुवावंच लागतं, एकही महिना चुकवून चालत नाही. पावसाळ्यातही नाही, उलट पावसाळ्यात जास्तच. डेक आधी, मग फरशी फाटकापर्यंत. फरशीच्या वेळी बाबांना बरोबर चालत न्यायचं, कारण काठी कुठे घसरते ते बघायचं असतं आणि ते त्यांनाच कळतं. मला विचारू नकोस, मला यातलं काही कळत नाही, हे आता सिद्धच झालंय. रविवारी मी मैत्रिणीकडे असेन. तुम्ही दोघे बघून घ्या.

येताना सकाळची गाडी पकड. ब्रश लांबीच्या दिशेने मार, बाबा शेजारी बसून सांगतील. ते सांगतील तेवढं सगळं ऐकून घे, मध्ये बोलू नकोस. आणि घाई अजिबात करू नकोस. हे काम लवकर आटपलं तर टिकत नाही, संध्याकाळपर्यंत चाललंच पाहिजे, असं कंपनीवाल्यांनी मला बजावून सांगितलंय.

ताई